जोडीदार युरोपचा, पासपोर्ट भारताचा: मुंबईतून युरोपला जाण्यापूर्वी

मुंबईत अशी घरं आता बरीच आहेत. नवरा मूळ गोव्याचा किंवा दमणचा, १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिक झालेला आणि इथं ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहू देणारं कार्ड) राहणारा. बायको गिरगावची, भारतीय पासपोर्टवाली. कुठे बायको जर्मन आणि नवरा ठाण्याचा. सुट्टीत युरोपला जायचं ठरलं की भारतीय पासपोर्टवाला माणूस चारचौघांसारखा पर्यटक व्हिसाचा अर्ज भरतो. ९० युरो फी, तीस हजार युरोंचा विमा, हॉटेलची बुकिंगं, बँक स्टेटमेंट, आयकराचे कागद, ऑफिसचं रजापत्र. यातलं जवळजवळ काहीच त्याला लागू नसतं, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

युरोपियन युनियनच्या नागरिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना युनियनमध्ये फिरण्या-राहण्याचा हक्क देणारं डायरेक्टिव्ह, म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असलेला युनियनचा कायदा, २००४ सालचं आहे. त्याचा क्रमांक २००४/३८ तोंडपाठ करून ठेवा, कारण प्रत्येक पत्रात तो लिहायचा आहे. त्याच्या कलम ५(२) प्रमाणे कुटुंबीयांचा व्हिसा विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यायचा असतो, आणि तो मिळवण्यासाठी देशांनी सर्व सोयी पुरवायच्या असतात. साध्या पर्यटकाला व्हिसा द्यायचा की नाही हे अधिकारी परिस्थिती तोलून ठरवतो. इथं अधिकाऱ्यानं तपासायचे प्रश्न तीनच: हक्क ज्याच्यामुळे मिळतो तो युरोपियन नागरिक खरोखर आहे का, अर्जदार त्याचा कुटुंबीय आहे का, आणि अर्जदार त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे चालला आहे का. तुमची सगळी फाइल या तीन उत्तरांची असायला हवी.

कुटुंबीय म्हणजे कोण

नवरा किंवा बायको; नागरिकाची किंवा त्याच्या जोडीदाराची २१ वर्षांखालील मुलं, म्हणजे जोडीदाराचं पहिल्या लग्नातलं मूलसुद्धा; २१ च्या पुढची पण अवलंबून असलेली मुलं; आणि दोघांपैकी कोणाचेही अवलंबून असलेले आई-वडील. भाऊ, बहीण, पुतण्या या यादीत नाहीत. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचा प्रवेश देशांनी सुकर करायचा असतो, पण त्याचा हक्क आपोआप मिळत नाही; त्यांनी एकत्र राहण्याचे भरपूर पुरावे जोडावेत आणि वेळ हाताशी ठेवावा. समलिंगी जोडप्याचं लग्न युनियनमधल्या एखाद्या देशात कायदेशीररीत्या झालं असेल, तर युरोपियन युनियनच्या न्यायालयाच्या २०१८ च्या कोमान खटल्यातल्या निकालानंतर राहण्याच्या हक्कासाठी ‘जोडीदार’ या शब्दात तेही येतात, मग दुसऱ्या देशाच्या कायद्यात तसं लग्न असो वा नसो.

आई-वडिलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत होते. ‘अवलंबून’ याचा अर्थ वय झालं किंवा मुलाबरोबर राहतात एवढाच नाही. मूलभूत गरजा भागवायला तुमच्या पैशांची खरोखर गरज आहे, हे दिसलं पाहिजे. २००७ च्या जिया खटल्यात न्यायालयानं हे स्पष्ट केलं, आणि ‘आम्ही सांभाळू’ असं नुसतं हमीपत्र अपुरं मानलं जाऊ शकतं हेही सांगितलं. म्हणून दरमहा खात्यावर पाठवलेले पैसे, औषधांची आणि भाड्याची बिलं, पेन्शन नसल्याचा किंवा तुटपुंजी असल्याचा पुरावा, असं सगळं लागतं. चांगली पेन्शन आणि स्वतःचं घर असलेल्या आईसाठी हा रस्ता धरू नका. तिच्यासाठी साधा व्हिसा, पूर्ण फी आणि विमा हेच सरळ आहे.

आणखी एक चूक: मूल युरोपियन नागरिक आहे म्हणून भारतीय आई किंवा बाबा सहलीच्या व्हिसासाठी या डायरेक्टिव्हखाली येत नाहीत. पालक मुलावर अवलंबून नसतात, उलट असतं. त्या घरात दुसरा पालक युरोपियन असेल तर हक्क लग्नाच्या नात्यानं मागा.

ब्रिटिश पासपोर्टवाल्या जोडीदारामुळे आता काहीच मिळत नाही. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं आणि संक्रमणकाळ त्याच वर्षअखेर संपला. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइनला मात्र हेच नियम लागू आहेत, आणि स्वित्झर्लंडचा युनियनशी वेगळा करार आहे.

स्वतःच्या देशाचा अपवाद

इथं नीट थांबा, कारण बहुतेक अर्ज इथंच फसतात. हे डायरेक्टिव्ह नागरिक स्वतःच्या देशाव्यतिरिक्त दुसऱ्या सदस्य देशात जातो तेव्हा लागू होतं. जर्मन बायकोबरोबर मुंबईहून म्युनिकला सासरी जाणारा नवरा जर्मनीच्या स्वतःच्या कायद्याखाली येतो. त्याला तिथं सवलत मिळाली तर ती जर्मन कायद्याची. तोच नवरा बायकोबरोबर स्पेनला निघाला की डायरेक्टिव्ह पूर्ण लागू. नागरिक दुसऱ्या सदस्य देशात खरोखर राहून कुटुंबासह मायदेशी परतत असेल तर वेगळं. तो हक्क १९९२ च्या सुरिंदर सिंग खटल्यापासून मान्य आहे. पण मुंबईत राहणाऱ्या जोडप्याला त्याचा उपयोग नाही.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटाच्या, नेहमीच्या नियमानं ठरतं: जिथं जास्त दिवस राहणार तो देश, दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतरणार तो. पोर्तुगीज नवऱ्याबरोबर लिस्बनमध्ये पाच दिवस आणि स्पेनमध्ये नऊ, असा बेत असेल तर अर्ज स्पेनकडे आणि डायरेक्टिव्ह लागू. लिस्बनमध्ये नऊ आणि स्पेनमध्ये पाच असेल तर नाही. सवलतीसाठी कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरा बेत करू नका. अर्जात खोटं आढळलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि नकाराची नोंद शेंगेनच्या व्हिसा माहितीप्रणालीत पाच वर्षं राहते.

युरोपात आधीपासून राहत असाल तर

ज्यांच्याकडे युरोपातलं निवासकार्ड आहे त्यांनी कार्डावर काय छापलं आहे ते वाचावं. सगळी कार्डं सारखी नसतात. नागरिक स्वतःच्या देशाबाहेर राहत असेल, जसं पोर्तुगीज नवरा नेदरलँड्समध्ये नोकरीला, तर त्याच्या भारतीय बायकोला कलम १० खालचं ‘युनियन नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवासकार्ड’ मिळतं. पाच वर्षांनंतर कलम २० खालचं कायम निवासकार्ड. २ ऑगस्ट २०२१ पासून दिलेल्या कार्डांवर या कलमांचा आणि डायरेक्टिव्हचा उल्लेख छापलेला असतो. हे कार्ड असेल तर नागरिकाबरोबर किंवा त्याच्याकडे दुसऱ्या सदस्य देशात जाताना व्हिसा लागत नाही, शेंगेनबाहेरच्या आयर्लंड आणि सायप्रसलासुद्धा. कायम निवासकार्डालाही हीच सूट आहे, हे २०२० मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं. जुन्या नमुन्याची कार्डं वरची मुदत काहीही असली तरी ३ ऑगस्ट २०२६ नंतर चालणार नाहीत, आणि ज्यांना मशीननं वाचता येणाऱ्या ओळी नाहीत ती २०२३ मध्येच बाद झाली.

आता जर्मन बायकोबरोबर जर्मनीतच राहणाऱ्या भारतीय नवऱ्याचं कार्ड घ्या. ते जर्मनीच्या कायद्याखालचं साधं निवासकार्ड आहे. शेंगेनच्या इतर देशांत त्यावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण डब्लिनला जायचं तर आयर्लंडचा व्हिसा आधी घ्यावा लागतो. असं कार्ड घेऊन डब्लिनच्या विमानाला रांगेत उभं राहणाऱ्याला काउंटरवरूनच परत पाठवलं जातं.

मुंबईत फाइल कशी बांधायची

पहिल्या प्रश्नासाठी युरोपियन जोडीदाराच्या पासपोर्टची झेरॉक्स लागते. मूळ पासपोर्ट दाखवायला सोबत न्या.

दुसऱ्या प्रश्नासाठी लग्नाचा दाखला. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या विवाह नोंदणीचा किंवा विशेष विवाह कायद्याखालचा, दोन्ही चालतात. देवळातली पावती, चर्चमधलं प्रमाणपत्र किंवा लग्नपत्रिका यावर विसंबू नका. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लागणारा सरकारी शिक्का, प्रत्येक देश मागतोच असं नाही, पण मागितला तर तो ऐनवेळी होत नाही: दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. मूळ दाखल्यावर अपोस्टील एकदा करून ठेवलेला पुढच्या प्रत्येक अर्जाला कामी येतो, म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: वेळ असेल तर करूनच घ्या.

काही दूतावास विचारतात की लग्नाची नोंद नागरिकाच्या देशातही झाली आहे का. डायरेक्टिव्हमध्ये अशी अट नाही. पण पोर्तुगालसारख्या देशात नोंद आधीच झाली असेल तर तिथल्या नोंदीचा उतारा जरूर जोडा. युरोपातल्या अधिकाऱ्याला तो कागद ओळखीचा असतो आणि शंका तिथंच संपते.

नावांचा घोळ हा मराठी घरांचा खास प्रश्न आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कुठे मधलं नाव वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. आणि जिथं लग्नात नाव बदललं तिथं मुलीचं पहिलं नावसुद्धा वेगळं. आपल्याला यात वावगं वाटत नाही, पण लांबच्या अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातल्या नोंदीची प्रत जोडा. राजपत्रात नोंद केलेली नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव असेल तर त्याची झेरॉक्स. शक्य असेल तर अर्जाच्या आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्या.

मुलांसाठी जन्मदाखला, ज्यावर मुलाचं नाव आणि आई-वडील दोघांची नावं असतील असा. मुंबईतल्या जुन्या दाखल्यांवर कित्येकदा मुलाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. महापालिकेत नाव चढवून नवा दाखला घ्या. मूल एकाच पालकाबरोबर चाललं असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं.

तिसऱ्या प्रश्नासाठी नागरिकानं सही केलेलं एक पानी पत्र पुरतं. त्यात इतकं लिहा: मी अमुक देशाचा नागरिक, पासपोर्ट क्रमांक अमुक, माझी पत्नी अमुक माझ्याबरोबर अमुक तारखेला अमुक देशात येत आहे, डायरेक्टिव्ह २००४/३८ च्या कलम ५(२) प्रमाणे तिचा व्हिसा विनाशुल्क आणि तातडीनं द्यावा ही विनंती. नागरिक आधीच तिथं राहत असेल तर त्याच्या तिथल्या नोंदणीचा किंवा घराच्या कराराचा कागद जोडा. विमानाचं तिकीट मागण्याचा अधिकार दूतावासाला नाही. तरीही दोघांच्या नावाचं एकत्र बुकिंग हा ‘बरोबर जातोय’ याचा उत्तम पुरावा असतो. ते रद्द करता येणारंच घ्या. व्हिसा हातात येण्याआधी पूर्ण पैसे भरून तिकीट काढू नका.

बाकी पासपोर्ट वैध, दोन कोरी पानं, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा ताजा फोटो, आणि बायोमेट्रिक. बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत शेंगेन अर्जासाठी दिले असतील तर साधारणपणे पुन्हा द्यावे लागत नाहीत. १२ वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहेत.

अर्ज आणि काउंटर

शेंगेनच्या अर्जात चांदणीची खूण असलेले रकाने कुटुंबीयांनी भरायचे नसतात: २१, २२, ३०, ३१ आणि ३२. म्हणजे नोकरी, मालक, यजमान किंवा हॉटेल, आमंत्रण देणारी संस्था आणि खर्च कोण करणार. ते कोरे ठेवा. रकाना १७ मध्ये युरोपियन नागरिकाची माहिती आणि १८ मध्ये नातं भरा. हे दोन रिकामे राहिले तर तुमचा अर्ज साध्या पर्यटकाचा होतो.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख पकडा, कारण मार्चनंतर मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. बहुतेक देशांचे अर्ज खासगी केंद्रांमार्फत घेतले जातात आणि केंद्राला सेवाशुल्क लागतं. युरोपियन कमिशनच्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे कुटुंबीयांना केंद्राची सक्ती करता येत नाही. दूतावासात थेट, कसलाही खर्च न करता अर्ज देता आला पाहिजे. नरिमन पॉइंटच्या जर्मन किंवा बीकेसीतल्या फ्रेंच वाणिज्य दूतावासाला ईमेल करा, विषयातच डायरेक्टिव्हचा क्रमांक लिहा आणि थेट वेळ मागा. केंद्रातूनच गेलात तर सेवाशुल्क तुम्ही स्वखुशीनं देता, व्हिसा फी मात्र नाही. ऑनलाइन तारीख घेताना ‘पर्यटन’ हा प्रकार निवडला की यंत्रणा फी लावते. ‘युरोपियन नागरिकाचे कुटुंबीय’ असा प्रकार शोधा.

काउंटरवरचा माणूस त्याच्या यादीप्रमाणे चालतो. विमा, बँक स्टेटमेंट, हॉटेल मागितलं तर शांतपणे सांगा की हा कुटुंबीयांचा अर्ज आहे आणि त्या प्रकारची यादी पाहा. तरी अडलं तर ‘कागद अपुरे’ असा शेरा मारून अर्ज स्वीकारायला सांगा. निर्णय दूतावास घेतो, केंद्र नाही. मात्र शेऱ्याच्या कागदावर सही करताना अर्जाचा प्रकार बदललेला नाही ना, हे वाचून घ्या. हाताशी वेळ कमी असेल आणि विमा आधीच काढलेला असेल तर तो जोडून मोकळं होणं हाही व्यवहार आहे. पण बँकेची सगळी उलाढाल देण्याची गरज नाही.

विमानतळ आणि सीमा

टर्मिनल दोनवर चेक-इन करणारा कर्मचारी टिमॅटिक नावाच्या माहितीप्रणालीत पाहून ठरवतो. चुकीच्या माणसाला चढवलं तर एअरलाइनला दंड होतो, म्हणून तो धोका पत्करत नाही. व्हिसाशिवाय सीमेवर पोचलेल्या कुटुंबीयाला कागद आणण्याची किंवा नातं सिद्ध करण्याची वाजवी संधी द्यावी लागते, असं कलम ५(४) सांगतं. पण मुंबईहून निघणाऱ्यानं त्यावर बेत आखू नये; विमानातच बसू दिलं जाणार नाही. कलम १० चं कार्ड घेऊन येणाऱ्यांनी लग्नाचा दाखला आणि जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी, चेक-इनच्या सामानात नव्हे. ओसीआयवाल्या जोडीदारानं परतीसाठी ओसीआय कार्ड घेतलं का, हेही बघा. लंडनमार्गे जाणार असाल तर ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम वेगळे तपासा. हे डायरेक्टिव्ह तिथं चालत नाही.

युरोपात उतरल्यावर जोडीदाराबरोबर युरोपियन नागरिकांच्या रांगेत उभं राहायचा तुम्हालाही अधिकार आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झालेल्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातात. कलम १० किंवा २० चं कार्ड असलेल्यांना ती नोंद लागू नाही. शेंगेनमधल्या २९ देशांत पुढे फिरताना पासपोर्ट तपासणी सहसा नसते, पण अनेक देशांनी तात्पुरती तपासणी सुरू केलेली असते, त्यामुळे रेल्वेतही मूळ पासपोर्ट जवळ असू द्या.

नकार मिळाला तर

कुटुंबीयांना नकार फक्त सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा फसवणूक, म्हणजे देखाव्याचं लग्न, या कारणांनी देता येतो; नातं किंवा एकत्र प्रवास सिद्ध झाला नाही तर हक्कच उभा राहत नाही. ‘परत येण्याचा हेतू पटला नाही’ किंवा ‘पैसे अपुरे’ हे कारण तुमच्या अर्जाला लावता येत नाही. असा शेरा आला तर अर्ज चुकीच्या प्रकारात गेला असण्याची शक्यता जास्त. नकार लेखी आणि कारणासह असतो, अपिलाची मुदत त्यातच लिहिलेली असते. ती मुदत देशागणिक बदलते, म्हणून पत्र मिळाल्याच दिवशी वाचा. सोबत ‘सॉल्व्हिट’ या युनियनच्या विनाशुल्क सेवेकडे तक्रार नोंदवा. तिचं उद्दिष्ट दहा आठवड्यांत प्रश्न सोडवायचं आहे, आणि प्रकरण कोर्टात गेलं की ती हात घालत नाही. म्हणून कोर्टाच्या आधी तिथं जा, पण अपिलाची तारीख तिच्या भरवशावर जाऊ देऊ नका.